तरतमभाव ते तारतम्य : मराठीतील तुलनावाचक रचनेची वाटचाल



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्याने होतात, त्यांनी उभे आयुष्य फळा आणि खडू यांच्या सहवासात घालविले. अशा शिक्षकाच्या स्मरणार्थ बोलताना एखादा भव्य विषय निवडण्यापेक्षा फळ्यावरचाच एखादा विषय घ्यावा, असे मला वाटले. मघाच्या वाक्यात मी 'निवडण्यापेक्षा' म्हणालो. आपला आजचा विषय हा 'पेक्षा'च आहे. एक वस्तू दुसरीहून मोठी, लहान, बरी वा वाईट आहे, हे मराठी माणूस कसे सांगत आला, याचा इतिहास मला थोडक्यात मांडावयाचा आहे.

हा विषय मला एका चुकीमुळे सुचला आणि ती चूक माझी आहे. सुमारे पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी शालेय परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. 'माझा भाऊ' या विषयावरील एका निबंधाची सुरुवात अशी होती : 'माझा भाऊ माझ्याकरता तीन वर्षे मोठा आहे.' मुलाने पुढे लिहिले होते की वडील गेल्यावर भावाने शाळा सोडली आणि तो उधन्याला मागावर कामाला लागला. मी पहिल्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढली, गुण कापले आणि शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांना ते वाक्य मोठ्याने वाचून दाखविले. 'भाऊ हिच्याकरता, तिच्याकरता, आणि मोठासुद्धा माझ्याकरता!' असे कुणीसे म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो. त्या हसण्याचे ओझे कमी व्हावयास मला बरीच वर्षे लागली. ते कसे, हे शेवटी सांगेन. तत्पूर्वी तुलनेचे व्याकरण पाहू.

तुलनेचे चार घटक

कोणत्याही तुलनेत चार गोष्टी लागतात. जिची तुलना करावयाची ती वस्तू. जिच्याशी करावयाची ती वस्तू. ज्या गुणाच्या बाबतीत करावयाची तो गुण. आणि या तिहींना जोडणारी एखादी खूण. 'ताप्ती पूर्णेपेक्षा मोठी आहे' या वाक्यात ताप्ती, पूर्णा आणि मोठेपणा हे तीन घटक झाले. 'पेक्षा' ही चौथी खूण. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की 'मोठी' हे विशेषण जागचे हलले नाही. नुसती ताप्ती मोठी असली तरी 'मोठी' आणि पूर्णेपेक्षा मोठी असली तरी 'मोठी'च. आपले विशेषण लिंगवचनाप्रमाणे बदलते. गुणाच्या चढउताराप्रमाणे बदलत नाही.

सर्वच भाषा असे करीत नाहीत. उदाहरणादाखल युरोपच्या मध्यभागी बोलली जाणारी हंगेरियन भाषा पाहू. तिच्यात विशेषणालाच प्रत्यय लागतो आणि तो 'ब्ब' असा जोडाक्षरी आहे. 'नॉज्य' म्हणजे मोठा; 'नॉज्योब्ब' म्हणजे अधिक मोठा. 'सेप' म्हणजे सुंदर. त्याचा स्वर आखडून 'सेब्ब' होते. 'यो' म्हणजे चांगला, त्याचे 'योब्ब'. सर्वांत मोठा म्हणावयाचे असेल तर याच रूपाच्या आधी 'लेग' हा उपसर्ग येतो : 'लेगनॉज्योब्ब'. म्हणजे आपण जे काम स्वतंत्र शब्दांवर सोपवितो ते तेथे विशेषणाच्या अंगाखांद्यावर चढते.

ज्याच्याशी तुलना करावयाची त्या नामाचे काय? त्याला हंगेरियन माणूस 'नाल' किंवा 'नेल' हा प्रत्यय लावतो. नामातील स्वर जसे असतील तसा या दोहोंपैकी एक येतो. मौज अशी की या प्रत्ययाचा मूळ अर्थ 'पाशी, जवळ' असा आहे. 'पालपाशी अधिक उंच' म्हणजे पालपेक्षा उंच. दोघांना शेजारी उभे करावे आणि पाहावे, अशी ही कल्पना आहे. हा प्रत्यय नको असेल तर 'मिंत' हे अव्यय वापरून 'जसा' या धर्तीचीही रचना करता येते. किती फरकाने मोठा, हे सांगताना मात्र ती भाषा तृतीयेसारखी विभक्ती वापरते. आपण 'दोन वर्षांनी मोठा' म्हणतो तशीच. या 'नी'कडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

हंगेरियन ही आपल्या भाषाकुळातली नव्हे. तिचे नाते फिनलंडच्या भाषेशी आहे आणि त्या नात्याचा एक पुरावा हा तुलनेचा प्रत्ययच आहे : फिनिश भाषेतील 'म्पि' आणि हंगेरियनमधील 'ब्ब' हे एकाच प्राचीन प्रत्ययाचे दोन वंशज होत. आपल्या लोकांचे मूळ पूर्वेकडे सापडेल या आशेने चोमा द कोरोश हा हंगेरियन विद्वान १८१९ साली घरातून निघाला आणि १८२२ मध्ये लडाखला पोहोचला. मूळ त्याला सापडले नाही; पण तिबेटी भाषेचा कोश आणि व्याकरण यांची निर्मिती त्याच्या हातून झाली. ते ग्रंथ १८३४ मध्ये कलकत्त्यास छापले गेले. १८४२ मध्ये दार्जिलिंगला त्याने देह ठेवला. आपली भाषा कोणती, हे शोधावयास निघालेल्या माणसाला दुसऱ्यांची भाषा सापडते, असे विद्येच्या इतिहासात पुष्कळदा घडले आहे.

संस्कृतचा वारसा

आता आपल्या घराकडे वळू. संस्कृतातही तुलना विशेषणाच्या अंगावरच होती. पाणिनीने तिच्यासाठी दोन जोड्या सांगितल्या : दोहोंतील उजवा दाखविण्यासाठी 'तरप्' व 'ईयसुन्', आणि सर्वांतील उजवा दाखविण्यासाठी 'तमप्' व 'इष्ठन्'. लघु, लघुतर, लघुतम ही पहिली वाट. लघु, लघीयस्, लघिष्ठ ही दुसरी. ज्याच्याशी तुलना करावयाची त्याला पंचमी लागे. पंचमी ही दूर जाण्याची विभक्ती. हंगेरियन माणूस दोघांना जवळ आणून तुलना करतो, तर संस्कृत भाषा एकापासून निघून दुसऱ्याकडे किती अंतर गेले ते मोजते.

मराठीच्या वाट्याला हे प्रत्यय आले ते जिवंत यंत्र म्हणून नव्हे, तर तयार वस्तू म्हणून. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, वरिष्ठ हे शब्द आपण रोज वापरतो. पण त्यांत 'इष्ठन्' दडला आहे याची जाणीव बोलणाऱ्याला नसते. म्हणूनच आपण 'सर्वांत ज्येष्ठ' म्हणतो, 'अधिक श्रेष्ठ' म्हणतो. व्याकरणाच्या कडक नजरेने पाहिले तर ही द्विरुक्ती होय. परंतु 'श्रेष्ठतम' हा दुहेरी शब्द यजुर्वेदातच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे आपली नजर आपोआप मऊ होते. प्रत्यय झिजला की भाषा त्यावर दुसरा चढविते. जुन्या भांड्याला नवी कल्हई लावावी तसे हे आहे.

मराठीने स्वतःची अशीही काही साधने घडविली. 'थोरला' आणि 'धाकटा' हे शब्द पाहा. त्यांत तुलना उघड नाही, पण दुसरा असल्याशिवाय पहिला थोरला होत नाही. पहिले बाजीराव पेशवे (१७००–१७४०) हयात असताना त्यांना 'थोरले' म्हणण्याचे कारणच नव्हते. दुसरे बाजीराव (१७७५–१८५१) गादीवर आले आणि मग मागच्यांस थोरलेपण लाभले. तसेच 'सवाई' हे विशेषण. सव्वा म्हणजे एकावर पाव. सवाई माधवराव (१७७४–१७९५) या नावात तुलना चक्क अपूर्णांकाने केली आहे. बाजारातले 'उन्नीस-बीस'ही याच जातीचे. मराठी माणसाने विशेषणाला प्रत्यय लावला नाही. त्याने तराजू आणि पाढे हाती घेतले.

हून, परीस, पेक्षा

प्राकृतांच्या काळात 'तर-तम' मागे पडले आणि तुलनेचा सगळा भार नामावर आला. यादवकालीन मराठीत 'हूनि' हे रूप त्यासाठी सर्रास दिसते. ज्ञानेश्वरीच्या वाचकाला ते परिचित आहे. आजचा 'हून' तो हाच. 'मुंबईहून आला' आणि 'माझ्याहून उंच' या दोन्ही ठिकाणी एकच प्रत्यय आहे, म्हणजे संस्कृत पंचमीची दृष्टी मराठीने शब्द बदलूनही टिकविली. या 'हून'चा उगम अभ्यासकांनी निरनिराळ्या ठिकाणी शोधला आहे. कोणी प्राकृत पंचमीकडे बोट दाखवितात, कोणी 'होऊन' या धातुसाधिताकडे.

दुसरा शब्द 'परीस'. शहरी कानाला तो आज जुनाट वाटतो. पण खेड्यापाड्यांत 'त्याच्यापरीस हा बरा' असे अजून ऐकू येते आणि गोव्यात कोकणी भाषेत 'परस' हा त्याचा सख्खा भाऊ रोजच्या व्यवहारात आहे. तेथे 'अधिक' ऐवजी 'चड' येतो. त्याच गोमंतकात, राशोल येथे, फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले. भारतीय भाषांच्या छापील व्याकरणांत ते फार आरंभीचे होय.

तिसरा शब्द 'पेक्षा'. हा 'अपेक्षा' या संस्कृत शब्दाचा शेंडा तुटलेला अवतार. अपेक्षा या शब्दात 'ईक्ष्' म्हणजे पाहणे हा धातू आहे. 'त्याच्यापेक्षा' म्हणजे 'त्याच्याकडे पाहता'. हून हा अंतर मोजतो, तर पेक्षा नजर टाकतो. आज छापील मराठीत आणि शहरी बोलण्यात पेक्षाने इतर दोघांना मागे सारले आहे. 'हून'चा वापर लेखणीत आणि प्रौढ भाषणात उरला, 'परीस' बोलीत उरला. तरीही कोणता शब्द कोणाहून चांगला, असे विचारू नये. प्रत्येकाने आपापल्या जागी काम केले आहे.

फारसीनेही या दालनात पाऊल टाकले. 'जीव गेला तरी बेहत्तर' असे आपण म्हणतो. 'बेह' म्हणजे चांगला, त्याला 'तर' लागून बेहतर म्हणजे अधिक चांगला. हा फारसी 'तर' आणि संस्कृत 'तरप्' हे एकाच पूर्वजाचे वंशज आहेत. शिवकालात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण 'बेहत्तर' आणि 'जास्त' हे दोघे मात्र मराठीच्या तोंडातून हलले नाहीत.

सुरत आणि दादोबा

आता या सर्व इतिहासाचा सुरतेशी काय संबंध, असे आपण विचाराल. मराठी इतिहासात सुरत म्हटले की १६६४ आणि १६७० ही दोन सालेच डोळ्यांसमोर येतात. मला तिसरे साल सांगावयाचे आहे : १८४४.

'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' लिहून मराठीचे पाणिनी म्हणून गौरविले गेलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचा तो ग्रंथ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर १८४०च्या दशकात ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. येथेच दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाशी त्यांचा स्नेह जुळला आणि २२ जून १८४४ रोजी या मंडळींनी मानवधर्म सभा स्थापन केली. एक मराठी व्याकरणकार आणि एक गुजराती शाळामास्तर एकत्र बसून माणसामाणसांतील उच्चनीचतेवर वाद करीत होते, हे चित्र मला फार मोलाचे वाटते. जन्माने कोण कोणापेक्षा मोठा, हा प्रश्नही शेवटी तुलनेचाच होता आणि त्यांचे उत्तर असे होते की ही तुलनाच अप्रस्तुत आहे. मुंबईत १८४९ मध्ये स्थापन झालेल्या परमहंस सभेची बीजे सुरतेच्या या अनुभवात होती. पुढे याच शहरात कवी नर्मद (१८३३–१८८६) यांनी गुजरातीचा 'नर्मकोश' सिद्ध केला; तो १८७३ मध्ये पूर्ण स्वरूपात निघाला. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती त्याआधी १८५७ मध्ये येऊन गेली होती. दोन्ही भाषा एकाच पिढीत स्वतःची मोजदाद करीत होत्या.

इंग्रजी शिक्षणाबरोबर शाळेत आणखी एक गोष्ट आली : विशेषणाच्या तीन पायऱ्यांचा तक्ता. इंग्रजीत विशेषणाची रूपे खरोखर तीन होतात, म्हणून तक्ता तीन रकान्यांचा. मराठीत पहिल्या रकान्यात 'उंच' लिहिले की उरलेल्या दोहोंतही 'उंच'च लिहावे लागते. आधी 'अधिक' आणि 'सर्वांत' हे शब्द ठेवून आपण जागा भरतो. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घातला की बाह्या लोंबतात, तसे हे आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'सारख्या ग्रंथांनी मराठीकडे मराठीच्या नजरेने पाहण्याचा आग्रह धरला, त्याचे मोल येथे कळते.

तापीकाठची मराठी

विसाव्या शतकाच्या आरंभी तापी खोऱ्यातून जाणाऱ्या लोहमार्गाने सुरत खानदेशाला जोडली गेली. त्या वाटेने जळगाव, धुळे, नंदुरबारकडील माणसे येत राहिली. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत त्यांनी संसार मांडले. मागांवर, कापडबाजारात आणि पुढे हजिऱ्याच्या कारखान्यांत त्यांचे हात राबले. इच्छापोर हे त्याच हजिऱ्याच्या रस्त्यावरचे गाव. येथे 'पूर'चे 'पोर' झाले आहे, भाटपोर हे शेजारचे नाव तसेच. मराठी कानाला मात्र 'इच्छापोर' ऐकताच एखादे हट्टी मूल आठवते आणि शाळा चालविणाऱ्या गावाला ते शोभूनही दिसते.

या माणसांच्या घरात पुष्कळदा अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत गुजराती आणि बाजारात हिंदी असते. अहिराणी ही तर स्वतःच सेतू आहे : तिचा षष्ठीचा प्रत्यय गुजरातीसारखा 'ना-नी' असा आहे. ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता १९०७ च्या, भिल्ल भाषांच्या खंडात ठेवले. त्या सर्वेक्षणात प्रत्येक बोलीत ठरावीक शब्द आणि वाक्ये विचारली जात. चांगला-अधिक चांगला-सर्वांत चांगला हे त्यांत होते आणि भाऊ बहिणीपेक्षा उंच आहे अशा अर्थाचे एक वाक्यही होते. एखादी बोली तुलना कशी करते, हे तिला ओळखण्याचे एक साधन मानले गेले. पुढे अभ्यासकांनी खानदेशीच्या या वर्गीकरणाची पुन्हा छाननी केली. वर्ग कोणताही ठरो, बोलणाऱ्याला आपली बोली आपलीच वाटते.

आता गुजराती तुलना पाहा. गुजरातीत 'राम श्याम करतां मोटो छे' असे म्हणतात. 'थी' हा प्रत्ययही चालतो आणि सर्वांत मोठा म्हणजे 'सौथी मोटो'. हा 'करतां' म्हणजे 'करणे' या धातूचेच रूप. मराठीतही त्याच धातूपासून, त्याच घडणीने 'करिता' किंवा 'करता' झाला. पण मराठीत त्याचा अर्थ 'साठी' असा स्थिरावला. एका आईची दोन लेकरे तापीच्या दोन अंगांना वाढली आणि एकाने तुलना पत्करली, दुसऱ्याने सेवा. गुजराती 'मारा करतां' म्हणजे माझ्यापेक्षा. मराठी 'माझ्याकरता' म्हणजे माझ्यासाठी. आणि फरक सांगताना गुजराती 'बे वरस मोटो' म्हणते. तेथे आपला 'नी' नसतो.

आता त्या मुलाचे वाक्य पुन्हा वाचू या. 'माझा भाऊ माझ्याकरता तीन वर्षे मोठा आहे.' गल्लीतली गुजराती रचना त्याने मराठी शब्दांत तंतोतंत उतरविली होती. 'करता' गुजराती अर्थाने आणि 'तीन वर्षे' गुजराती रीतीने. त्यात अज्ञान नव्हते, नियम होता. फक्त तो नियम दुसऱ्या भाषेचा होता. ही गोष्ट मला एका गुजराती शेजाऱ्याच्या बोलण्यातून काही वर्षांनी उमगली, आणि तेव्हा ती उत्तरपत्रिका माझ्या हातातून केव्हाच गेली होती.

मराठीच्या परीक्षेत ते वाक्य प्रमाण मराठीत यावयास हवे होते, हे मी आजही म्हणेन. शिक्षकाने 'करता'च्या जागी 'पेक्षा' आणि 'वर्षे'च्या जागी 'वर्षांनी' लिहून द्यावे; ते त्याचे कर्तव्य आहे. पण दुरुस्ती वेगळी आणि हसणे वेगळे. मी त्या मुलाला चार भाषांतून वाट काढणारा विद्यार्थी म्हणून पाहिले नाही. मी त्याला एका भाषेत कमी पडणारा म्हणून पाहिले. आणि निबंधाचा पुढचा भाग मी वाचूनही वाचला नव्हता. ज्या भावाने शाळा सोडून मागावर उभे राहून धाकट्याला शिकविले, तो वयाने मोठा होताच. पण तो धाकट्यासाठीही मोठा झाला होता. म्हणजे मराठी अर्थानेही ते वाक्य खोटे नव्हते. मी कापलेले गुण मला आजवर परत देता आलेले नाहीत. आज या सभागृहात, अशाच मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकांसमोर, ते उच्चारून दाखविणे एवढेच माझ्या हाती आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद आपणा सर्वांना आहे. पण दर्जा हा शब्द आला की तुलना येते आणि तुलनेमागून कोणती भाषा कोणत्या भाषेपेक्षा थोर, हा प्रश्न दबक्या पावलांनी येतो. त्या वेळी मराठीतल्याच एका शब्दाची आठवण ठेवावी. संस्कृतातील तर आणि तम हे दोन प्रत्यय एकत्र करून 'तारतम्य' हा शब्द बनला. मूळ अर्थ निव्वळ कमीअधिकपणा. मराठीने मात्र त्याला विवेकाचा अर्थ दिला. ज्याला कोठे काय मोजावे आणि कोठे मोजू नये हे कळते, त्याला आपण तारतम्य असलेला माणूस म्हणतो. ज्या भाषेच्या विशेषणांनी तर-तम प्रत्यय सोडून दिले, तिनेच ते दोन प्रत्यय उचलून शहाणपणाचे नाव केले.

या शाळेतील वर्गांत उद्या पुन्हा एखादा मुलगा 'माझ्याकरता मोठा' असे लिहील. त्याचे वाक्य अवश्य सुधारा. पण तांबडी रेघ ओढण्यापूर्वी त्याचा निबंध शेवटपर्यंत वाचा, एवढीच गुरुजींच्या स्मृतीला साक्षी ठेवून माझी विनंती आहे.